उज्जैन जिंकलं, तीन महिन्यांत इंदूर गेलं. १८०१ मध्ये यशवंतराव नेमके कशामुळे हरले?

लष्करची लेक, इंदूर

नमस्कार मंडळी. माझा प्रश्न होळकर-शिंद्यांच्या यादवीतल्या एका लढाईबद्दल आहे. मला तो एका अकरा वर्षांच्या मुलाने विचारला आणि उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तोच डोक्यात आहे.

मी माहेरची ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. १९८६ साली लग्न होऊन जुन्या इंदुरात आले. सासरी दोन पिढ्या होळकरांच्या दप्तरात कारकुनी झालेली. पहिल्याच दिवाळीला मी ओटल्यावर पणत्या लावत होते, तेव्हा मामंजींनी विचारलं, "सूनबाई, तुमच्या शिंद्यांनी आमचं इंदूर लुटलं, जाळलं, हे तुमच्याकडे शिकवतात का?" ते चेष्टा करत नव्हते. मी एकवीस वर्षांची, घरात नवी. आमच्याकडे महादजी म्हणजे देवच. पानिपतावर पाय अधू झाला तरी उभा राहिलेला, दिल्लीच्या बादशहाला परत गादीवर बसवणारा. त्यांच्यानंतर काय झालं हे माहेरी कोणी बोलतच नसे. मी आत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी स्वतः बोलावलं, समोर बसवलं आणि सगळी हकिकत सांगितली. पुढे ते जाईपर्यंत आमचं दोघांचं यावर बोलणं चालू राहिलं.

मामंजी गेल्यावर मी एक नेम धरला. गल्लीतली सात-आठ मुलं घेऊन महिन्यातल्या एका रविवारी राजवाड्यावर जाते. खालचे तीन मजले दगडी का, वरचे चार लाकडी का, आगीने किती वेळा खाल्ला, असं दाखवत दाखवत. १८०१, १९०८ आणि १९८४. मागच्या खेपेला एकाने विचारलं, "आजी, १८०१ ला इंग्रजांनी जाळला?" मी म्हटलं, नाही रे, सर्जेराव घाटग्यांनी, दौलतराव शिंद्यांच्या सासऱ्यांनी. तो म्हणाला, "म्हणजे आपल्याच लोकांनी?" आणि लगेच, "मग आपला सेनापती कुठे होता?"

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये पुण्यात वारले. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तुकोजींचे चार मुलगे: काशीराव, मल्हारराव, यशवंतराव, विठोजी. काशीरावांनी शिंद्यांचा आधार घेतला. सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावांच्या छावणीवर छापा घातला, त्यात मल्हारराव मारले गेले. त्यांची बायको तेव्हा गरोदर होती. यशवंतराव निसटून नागपूरला गेले, तिथे भोसल्यांनी कैदेत टाकलं, तिथूनही निसटले आणि भिल्ल, पेंढारी, पठाण, जो हाताला लागेल तो घेऊन माळव्यात उतरले. अमीरखान त्यांना याच दिवसांत मिळाला, जो पुढे टोंकचा नवाब झाला. एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात विठोजींना हत्तीच्या पायी दिलं. एक भाऊ छाप्यात गेला, एक असा गेला. पुढचं सगळं वाचताना मी हे विसरू शकत नाही.

आता प्रश्न. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांच्या कवायती पलटणी कापून काढल्या, समोर हेसिंग नावाचा गोरा कप्तान होता. १४ ऑक्टोबरला इंदूरबाहेर लढाई झाली, त्यात यशवंतराव हरले आणि घाटगे गावात शिरले. आणि वर्षभराने, १८०२ च्या दिवाळीत, हेच यशवंतराव हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांना एकत्र हरवतात. तोच माणूस, समोर त्याच पलटणी. मग मधल्या ऑक्टोबरात काय बिघडलं? आणि दोन्हीकडून हुकूम कोण देत होतं? मला मुलाला नावानिशी सांगायचं आहे.

जाता जाता अजून एक. आमच्या घरात एक लोखंडी गोळा आहे. आजेसासऱ्यांनी विहिरीचा गाळ काढला तेव्हा सापडला म्हणतात. सासूबाई श्रीखंडाचा चक्का बांधला की ताटलीवर वजन म्हणून तो ठेवत, मीही ठेवते. मामंजी म्हणायचे हा "त्या लढाईचा". हे खरं असेल का?

महूचा गनर

ताई, आधी गोळ्याचं. त्याला कुठे भोक किंवा लाकडी बूच बसवल्यासारखी खूण आहे का ते बघा. असेल तर तो पोकळ, दारू भरलेला गोळा असू शकतो. मग त्याला हात लावू नका, स्वयंपाकघरात तर मुळीच ठेवू नका, पोलिसांना कळवा. नसेल तर किराण्याच्या काट्यावर वजन करा आणि दोरा गुंडाळून घेर मोजा. दोन्ही आकडे इथे द्या. मी २२ वर्षं तोफखान्यात काढली आहेत, थोडंफार सांगू शकेन.

आता लढाई. तुमच्या नातवासारख्या त्या मुलाला पहिलं हे सांगा की सेनापती पळालेला नव्हता. यशवंतराव त्या दिवशी मैदानातच होते. त्यांच्या हाताखाली जे हवं होतं ते नव्हतं.

हे समजायला पलटण म्हणजे काय ते नीट बघायला हवं. महादजींनी १७८४ च्या सुमारास सव्हॉयच्या डी बॉयनला नोकरीत घेतलं. त्याने बंदूक-संगिनीच्या पलटणी उभ्या केल्या, प्रत्येक पलटणीबरोबर स्वतःच्या मैदानी तोफा. अशा अनेक पलटणी मिळून एक कंपू. पण त्याची खरी करामत कवायतीत नव्हती, पगारात होती. अलीगढच्या बाजूचा दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चाला तोडून दिला, त्यामुळे शिपायाला महिन्याचा पैसा महिन्याला मिळे. आपल्याकडच्या बाकी फौजांचा पगार वर्ष-वर्ष तुंबत असे आणि भर मोहिमेत शिपाई धरणं धरून बसत. पोटाला वेळेवर मिळालं म्हणून डी बॉयनचा शिपाई तोफेसमोर जागा सोडत नसे.

होळकरांना हे पहिल्यांदा कळलं १७९३ मध्ये लाखेरीला, बुंदीच्या बाजूला. तुकोजींकडे तोवर दुद्रनेक नावाचा फ्रेंच आला होता, त्याच्या चार पलटणी. शिंद्यांकडून गोपाळराव भाऊ आणि डी बॉयन. लढाईत डी बॉयनचे दारूगोळ्याचे गाडे पेटून उडाले, गडबड उडाली, तरी त्याची रांग मोडली नाही. दुद्रनेकच्या चारही पलटणींचा चुराडा झाला. परतताना तुकोजींनी राग उज्जैनवर काढला आणि ते शहर लुटलं. म्हणजे १८०१ मध्ये जे इंदूरचं झालं, त्याची पहिली फेरी आठ वर्षं आधी उज्जैनने सोसली होती. मामंजींच्या गोष्टीत हे होतं का, मला माहीत नाही, पण मुलांना हेही सांगा.

आता १८०१. दौलतराव दक्षिणेतून नर्मदेकडे येत होते, उज्जैन वाचवायचं होतं. घाई झाली. फौजेचे तुकडे करून पुढे पाठवले. हेसिंग आधी उज्जैनला पोहोचला, मॅकिंटायर मागून निघाला, जड तोफांसह ब्राउनरिग नर्मदेकाठी राहिला. यशवंतरावांची सगळी ताकद घोडदळात होती, आणि घोडेस्वाराला अशी सुटी सुटी तुकडी म्हणजे पर्वणी. मॅकिंटायरला वाटेतच घेरून धरलं, हेसिंगला उज्जैनला एकटं गाठलं. त्याचे बहुतेक गोरे अंमलदार मेले किंवा पकडले गेले, तो स्वतः कसाबसा निसटला. ब्राउनरिगने मात्र मोर्चे बांधून जागा पक्की केली होती, तिथून यशवंतरावांना मागे फिरावं लागलं. ही गोष्ट लोक गाळतात. त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पलटण एका जागी, तोफा जागेवर, कप्तान शांत, असं जिथे मिळालं तिथे उज्जैनच्या आधी किंवा नंतर, होळकरांच्या घोडदळाचं काही चाललं नाही.

आणि हा जुलै होता. मी महूच्या आसपास पावसाळ्यात तोफा ओढल्या आहेत. माळव्याची काळी माती चाकाला धरते तेव्हा ट्रकसुद्धा हलत नाही, तिथे बैल काय करतील? हेसिंगच्या मदतीला वेळेत कोणी पोहोचलं नाही, त्यात या चिखलाचा वाटा होता असं मला पक्कं वाटतं.

ऑक्टोबरात माती वाळली. या वेळी शिंद्यांनी फौज फोडली नाही. वर घाटगे असले तरी पलटणींचा हुकूम सदरलंडकडे होता, डी बॉयनच्या तालमीतला स्कॉट. आणि यशवंतरावांच्या पलटणींचं काय? दुद्रनेक याच धामधुमीत होळकरांना सोडून शिंद्यांकडे गेला. शिपाई उरले, तोफा उरल्या, सुभेदार-हवालदार उरले. पण अनेक पलटणी एका वेळी वळवायच्या, एकीने गोळीबार थांबवला की दुसरीने सुरू करायचा, हे करून घेणारा उरला नाही. तोफा शंभराच्या आसपास गेल्या. गनर म्हणून सांगतो, इतक्या तोफा एका दिवसात जातात त्या तोफ वाईट म्हणून नाही. पायदळ बाजूने उठलं की तोफेला ओढून नेणारे बैल आधी पळतात.

यशवंतराव हे शिकले. पुढच्या वर्षभरात त्यांनी विकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग असे कप्तान धरून पलटणी परत घडवल्या. हडपसरला जिंकलं ते त्यामुळे.

लष्करची लेक, इंदूर

गनरदादा, तुमचं सगळं दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा वहीत उतरवून घेतलं. लाखेरी मला माहीतच नव्हती. मामंजींनी उज्जैनची १७९३ ची लूट कधी सांगितली नव्हती. त्यांना ठाऊक नसेल असं वाटत नाही. त्यांच्यावर राग नाही, पण थोडं लागलं. मी इतकी वर्षं त्या दिवाळीचं ओझं वाहिलं.

गोळ्याला भोक नाही, बूच नाही, सगळीकडून बघितलं. मधोमध एक बारीक उंचवट्याची रेघ पूर्ण फिरते, बोट फिरवलं की लागते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर २ किलो ६४५ ग्रॅम. दोऱ्याने घेर २७.९ सेंटीमीटर, तीनदा मोजला.

अजून एक विचारते. हेसिंग, सदरलंड, दुद्रनेक. दोन मराठी घरांचं भांडण, आणि हुकूम देणारी नावं ही. या लोकांचं पुढे काय झालं?

किल्ल्याच्या पायथ्याशी, ग्वाल्हेर

ताई, माहेरकडून नमस्कार. गनरसाहेबांनी होळकरांच्या पलटणींचं सांगितलं, मी आपल्या बाजूचं सांगतो. आपल्या बाजूलाही एकी नव्हती आणि ग्वाल्हेरच्या माणसाने हे मोकळेपणी बोलायला हवं.

महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वानवडीला वारले तेव्हा दौलतराव पंधराच्या आत-बाहेर होते. महादजींच्या बायकांची त्यांनी हेळसांड केली, त्या बायका फौजेत निघून गेल्या आणि शिंद्यांच्याच घरात दुसरी यादवी पेटली. लखबादादा लाड, महादजींच्या तालमीतला उत्तरेतला सर्वांत मुरलेला सरदार, बायांच्या बाजूने उभा राहिला. त्याला कोणी मोडलं? शिंद्यांच्याच नोकरीतल्या पेरॉन नावाच्या फ्रेंच सेनापतीने, दतियाच्या मुलखात, मे १८०१ मध्ये. पुढच्याच जुलैत हेसिंग उज्जैनला एकटा मार खात होता. लखबादादा आपल्या बाजूने माळव्यात असते तर? हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो.

आणि पेरॉन? डी बॉयन निघून गेल्यावर सगळी उत्तरेतली फौज त्याच्या हातात. दौलतराव मदत मागत होते, तो टाळत होता. ऑक्टोबर १८०१ मध्ये, म्हणजे तुमच्या इंदूरच्या लढाईच्याच महिन्यात, त्याचे लोक हरियाणात हांसीकडे जॉर्ज थॉमस नावाच्या आयरिश माणसाशी लढत होते. शिंद्यांच्या पैशाने, पेरॉनच्या स्वतःच्या हिशेबासाठी.

घाटग्यांबद्दल माझ्या मनात काडीचा आदर नाही. १७९८ मध्ये पुण्यात त्यांनी दौलतरावांच्या फौजेसाठी पैसे उकळायला सावकारांचे आणि साध्या गृहस्थांचे हाल हाल केले. इंदुरात जे केलं ते त्यांनी तीन वर्षं आधी पेशव्यांच्या राजधानीत करून झालं होतं. त्यांची मुलगी बायजाबाई मात्र फार कर्तबगार निघाली. ते वेगळं लिहीन कधीतरी.

तुम्ही विचारलंत त्या गोऱ्यांचं. सप्टेंबर १८०३ मध्ये, इंग्रज अलीगढपर्यंत आले तेव्हा, पेरॉन शिंद्यांची नोकरी सोडून त्यांच्याच संरक्षणात निघून गेला. आणि हे ऐका. ऑक्टोबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती जनरल लेक याने आग्र्याच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आत हेसिंग होता आणि सदरलंडही होता. उज्जैनला हरलेला आणि इंदूरला जिंकलेला, दोघं एका किल्ल्यात. किल्ल्यातल्या शिपायांचा त्यांच्यावर विश्वास उरला नव्हता, त्यांनीच दोघांना नजरकैदेत ठेवलं होतं. शेवटी बोलणी करायला त्यांनाच पुढे केलं आणि किल्ला इंग्रजांना गेला. हेसिंगचा बाप त्याच जुलैत आग्र्यात वारला होता. त्याची कबर तिथे ख्रिस्ती कबरस्तानात आहे, लाल दगडात ताजमहालासारखी बांधलेली. मी पाहिली आहे. शिंद्यांच्या पगारावर उभी राहिलेली इतकी सुंदर कबर आमच्या एकाही शिपायाच्या नशिबी नाही.

वानवडीकर

हडपसरबद्दल थोडं, कारण मी त्याच माळावर राहतो, फक्त आता तिथे सोसायट्या आहेत.

२५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. आधी ८ तारखेला बारामतीजवळ यशवंतरावांच्या फत्तेसिंग मान्यांनी पेशव्यांची फौज उधळली होती, त्यामुळे पुण्यात धडकी होतीच. शिंद्यांकडून सदाशिवराव भास्कर आणि कप्तान डॉज. डॉजच्या हाताखाली चार पलटणी डी बॉयनच्या जुन्या तालमीतल्या. सकाळी तोफा सुरू झाल्या. मधे एक वेळ अशी आली की होळकरांचं घोडदळ मागे रेटलं गेलं आणि लढाई हातातून निसटत होती. तिथे यशवंतराव स्वतः घोड्यावर चढून तोफांवर चालून गेले. त्यांचा हार्डिंग तिथे पडला. समोरचा डॉजही पडला. त्या चार पलटणींनी शेवटपर्यंत जागा सोडली नाही, तोफांजवळच कापल्या गेल्या. बाजीराव पर्वतीकडून सिंहगडाला गेले आणि पुढे कोकणातून वसईला. ३१ डिसेंबरला तह केला आणि इंग्रजी फौज पुण्यात ठेवून घेतली.

मला यात सर्वांत जास्त त्या चार पलटणी आठवतात. अकरा महिन्यांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, असईला इंग्रजांसमोर उभं राहायला ती माणसं नव्हती. यशवंतरावही नव्हते, ते बाजूला राहिले. असई, दिल्ली, लासवारी, अडगाव, चार महिन्यांत सगळं संपलं. मग १८०४ मध्ये यशवंतराव एकटे लढले, मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला पळता भुई थोडी केली, पण तोवर शिंद्यांनी तह केला होता. आधी हे दोघं एकाच वेळी एका बाजूला आले असते तर, असं प्रत्येक पुणेकर एकदा तरी म्हणतो. मीही म्हणतो.

विकर्सचं विचारणार असाल तर: इंग्रजांशी लढायची वेळ आली तेव्हा १८०४ मध्ये यशवंतरावांनी त्याला, टॉडला आणि रायनला मारून टाकलं. ते कंपनीविरुद्ध लढायला तयार नव्हते. हडपसरचा विजय ज्यांनी घडवला त्यातलाच तो एक.

सयाजीगंज

बडोद्याहून एक जोड देतो. त्याच १८०२ मध्ये आमच्याकडेही हेच चाललं होतं, लहान प्रमाणात. गोविंदराव गायकवाड १८०० मध्ये गेले, आनंदराव गादीवर आले, पण प्रकृतीने दुबळे. कडीचे मल्हारराव गायकवाड उठले. दिवाण रावजी आपाजींनी मुंबईकर इंग्रजांना बोलावलं. मेजर वॉकर आला आणि कडी घेतली गेली. बडोद्यातली अरब शिबंदी पगारासाठी हटून बसली, तीही इंग्रजांनीच काढली. पगार तुंबणं, घरातली फूट, बाहेरचा कप्तान. तीन दरबार, एकच वर्ष.

महूचा गनर

ताई, आकडे बघितले. घेर २७.९ म्हणजे व्यास सुमारे ८.९ सेंटीमीटर, साडेतीन इंच. या मापाच्या भरीव ओतीव लोखंडी गोळ्याचं वजन तुमच्या काट्यावर आलं तेवढंच येतं, म्हणजे आत पोकळी नाही. मधली रेघ ही साच्याच्या दोन अर्ध्यांची. घडीव गोळा असता तर हातोड्याचे चपटे डाग दिसले असते. व्यायामशाळेतला गोळाफेकीचा गोळाही नाही, ते ३, ४, ५ किलोचे असतात. हा सहा पौंडी तोफेचा गोळा आहे. सहा पौंड म्हणजे २ किलो ७२० ग्रॅम, बाकीचं दोनशे वर्षांच्या गंजाने खाल्लं. पलटणीबरोबर फिरणाऱ्या हलक्या मैदानी तोफा याच मापाच्या.

पण "त्या लढाईचा" असं मी लिहून देणार नाही. सहा पौंडी तोफा होळकरांकडे होत्या, शिंद्यांकडे होत्या, कंपनीकडे होत्या. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर होळकरांच्याच तोफा चालल्या होत्या. तुमच्या आजेसासऱ्यांच्या विहिरीत तो केव्हा पडला, हे गोळा सांगत नाही. मुलांना तोफेचं माप सांगा, ते पक्कं आहे.

लष्करची लेक, इंदूर

काल रविवार होता. गोळा पिशवीत घालून नेला. राजवाड्यासमोर, दगडी मजल्यांच्या खाली, मुलांना एकेक करून हातात दिला. ज्याने प्रश्न विचारला होता त्याला म्हटलं, तुझा सेनापती इथेच होता, त्याचं नाव यशवंतराव. समोर सदरलंड होता, आणि त्याच्यावर घाटगे. आपला दुद्रनेक आदल्या दिवसांत तिकडे निघून गेला होता. मग उज्जैन सांगितलं, दोन्ही वेळचं, १७९३ चं आधी. त्याने गोळा दोन्ही हातांनी धरला होता. विचारलं, "हा कोणी मारला?" मी सांगितलं, ते कळलेलं नाही. तो म्हणाला, "कोणाला लागला ते तरी?" तेही नाही म्हटलं.

एक मुलगी म्हणाली, आजी, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मी म्हटलं, माझा जन्म लष्करचा, आणि माझी माणसं या गल्लीतली. तिला ते पुरलं. माझ्या मामंजींनाही पुरलं असतं असं वाटतं. त्यांनी शेवटच्या आजारपणात एकदा मला म्हटलं होतं, ग्वाल्हेरला गेलीस की महादजींना माझा नमस्कार सांग. ते इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

गनरदादा, वानवडीकर, ग्वाल्हेरचे भाऊ, बडोद्याचे दादा, तुम्ही सर्वांनी फार वेळ दिलात. पुढच्या महिन्यात मुलांना हडपसर सांगणार आहे, ती दिवाळी. गोळा आता खणात ठेवला आहे, कापडात गुंडाळून, वजन आणि घेर लिहिलेल्या चिठ्ठीसकट. आज संध्याकाळी चक्का बांधला, त्यावर वरवंटा ठेवला.